पाळीची चावी

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एका चहाच्या टपरीवर दर आठवड्याला एक चावी या खिशातून त्या खिशात जायची. चावी पत्र्याच्या पेटीची. पेटीत मोटरचा स्टार्टर, मोटर विहिरीत, आणि विहीर दोघांची. निम्मी संतरामची, निम्मी मोहियोद्दीनभाईंची. दोघांच्या बापांनी ती मिळून खोदली होती. वीजजोडणी मोहियोद्दीनच्या वडिलांच्या नावावर निघाली, कारण अर्ज भरायच्या दिवशी संतरामचा बाप तापानं पडलेला. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत एकाची पाळी, मग दुसऱ्याची. पाळी संपली त्यानं चावी द्यायची, सुरू झाली त्यानं चहा पाजायचा. चाळीस वर्षांत या व्यवहाराला कागद लागला नाही.

कागद आला तो संतराममुळे. आणि कागद हेच तर संतरामचं मोठेपण होतं. गावात दहावी झालेली पोरं पुष्कळ, पण कचेरीचा कागद हातात घेऊन त्याचा अर्थ सांगणारा माणूस म्हणजे संतरामच. सातबारा असो, नोटीस असो, विम्याचं पत्र असो, माणसं म्हणायची, "संतरामला दाखव." तो चष्मा लावायचा, घसा खाकरायचा आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा. मोहियोद्दीनभाई उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायचे गावातल्या कुणाहीइतकी, पण छापील मराठी त्यांच्या डोळ्यांना जड जायची. त्यांचा प्रत्येक कागद आजवर संतरामनंच वाचला होता. सही मात्र ते स्वतः करायचे, उर्दूत, झोकात.

संतराम तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला रात्री झोप तरी लागली असती.

झालं असं की वयाची अठ्ठावन्न गाठल्यावर त्याला रात्रीची वीज झेपेना. शेतीची वीज तक्त्याप्रमाणे येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. बिल माफ झालं हे खरं, पण माफीची वीज रात्री अकराला येणार असेल तर तिचं कौतुक अंथरुणात पडलेल्यांनी करावं. हळदीला पाणी द्यायचं तर चिखलात उभं राहावं लागतं, आणि चिखलात काय काय फिरतं हे बॅटरी पाडल्याशिवाय कळत नाही. गुडघे कुरकुरायला लागले होते. पोरगा पुण्याला. मग सरकारची सौर पंपाची योजना आली आणि आजूबाजूच्या शिवारात पॅनल चमकायला लागले. दिवसाढवळ्या पाणी! संतराम येता-जाता त्या पॅनलांकडे बघत राहायचा.

ऑनलाईन अर्ज भरणाऱ्या दुकानातल्या बाईनं त्याला आधीच सांगितलं, "काका, विहिरीवर लाईटची जोडणी असंल तर अर्ज नामंजूर होतो. आन पंप बसला की त्या विहिरीवर लाईट परत भेटत न्हाई. आहे का जोडणी?"

"माझ्या नावावर काहीच न्हाई," संतराम म्हणाला.

"विहिरीवर आहे का?"

"न्हाई."

सरळ मार्ग होता. मोहियोद्दीनभाईंना विचारायचं, दोघांनी मिळून ठरवायचं. पण त्यांचं उत्तर त्याला ठाऊक होतं. कळमनुरीकडच्या त्यांच्या मेव्हण्यानं असा पंप घेतला होता आणि ते दहा वेळा म्हणाले होते, "पॅनल चांगलं आहे, पर ढग आले की झोपतंय. घ्यायचं तर घ्यावं, हातची लाईट काहून सोडायची?" विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून त्यानं विचारलंच नाही.

मे महिन्यात पाहणीची तारीख आली. आदल्या दिवशी संतराम त्यांच्या बांधावर गेला.

"मोहियोद्दीनभाई, अवंदा गाळ काढावा म्हणतो. पाणी तळाला गेलंय. उद्या मोटर वर घेऊ."

"घेऊ की," ते म्हणाले. "माझ्याच मनात होतं."

गाळ काढायला दोन माणसं लागतात. एकानं खाली उतरून घमेलं भरायचं, दुसऱ्यानं वरून दोर ओढायचा. हे दोघं ते दर दोन-तीन वर्षांनी करायचे. संतराम खाली, मोहियोद्दीनभाई वर. सकाळी दोघांनी मिळून मोटर ओढून काढली आणि बाभळीखाली ठेवली. वायर गुंडाळून ठेवली. मोहियोद्दीनभाईंनी ती पोत्यानं झाकलीसुद्धा, ऊन लागू नये म्हणून. इतक्यात पाहणीला पुजा नावाची तरुण इंजिनिअर आली. संतरामनं आश्चर्य दाखवलं. "अरे, आजच आल्या का तुमी!" हे आश्चर्य त्यानं रात्री मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

विहीर सामाईक, म्हणून सहहिस्सेदाराचं संमतीपत्र लागत होतं. संतरामनं ते आणलेलं होतंच. मोहियोद्दीनभाईंनी नेहमीप्रमाणे कागद त्याच्याकडे परत केला. "वाच बरं."

संतरामनं चष्मा लावला, घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचलं. गट नंबर, दोघांची नावं, विहिरीची खोली, अर्जदारानं सौर पंप बसवण्यास हरकत नाही. मग एक ओळ आली. त्याची नजर तिच्यावरून चिखल टाळून पाय पुढं टाकावा तशी पुढं गेली, आणि त्यानं वाचलं, "सदर संमतीपत्र राजीखुशीनं लिहून दिलं असे."

"पंप तुझ्या नावावर, पाणी दोघांचं?"

"मंग? विहीर दोघांची तर पाणी कुणाचं?"

त्यांनी झोकात सही केली. पुजानं विहिरीचा फोटो काढताना दोघांना काठावर उभं राहायला सांगितलं. मोहियोद्दीनभाईंनी संतरामच्या खांद्यावर हात टाकला.

ती गेल्यावर संतराम म्हणाला, कंबर भरली, गाळ उद्या. दोन दिवसांनी मोटर परत खाली सोडली, कारण जनावरांना पाणी हवं होतं. मग आभाळ भरून आलं. गाळ राहिला तो राहिलाच.

दिवाळीच्या आधी पॅनल बसलं. बाजाराच्या दिवशी संतरामनं पॅनलच्या पेटीची नवी चावीसुद्धा टपरीवर ठेवली, आणि त्या क्षणी ती अगदी खऱ्या मनानं ठेवली. पंधरा दिवसांनी वायरमन आला, खांबावर चढला आणि जुन्या पेटीची वायर तोडून घेऊन गेला. मोहियोद्दीनभाई धावत आले. वायरमन म्हणाला, "चाचा, मला वरून यादी आली. या विहिरीवर सौर पंप आहे."

"चूक झाली आसंल हापिसाची," संतराम म्हणाला. त्याच्याच तोंडून हे निघालं.

आता सगळी भिस्त पॅनलवर, आणि हिवाळ्याचं ऊन ते केवढं. एका दिवसात जितकं भिजायचं तितकंच भिजायचं. संतरामची हळद तहानलेली, मोहियोद्दीनभाईंचीही. मोहियोद्दीनभाईंच्या पाळीचे सात दिवस कधी पाच झाले, कधी चार. "उद्या देतो चावी, दोन वाफे राहिलेत," असं तो म्हणायचा आणि मोहियोद्दीनभाई "बराबर आहे" म्हणून परत जायचे. घरी द्वारकाबाई, त्याची बायको, भाकर वाढताना म्हणाली, "त्यांची हळद पानं टाकून राहिली. दिसतंय का तुमाला?" त्याला दिसत होतं. तो बांधावरून न जाता लांबून फिरून शेतात जायला लागला होता.

जानेवारीत मोहियोद्दीनभाईंनी अर्ज केला की आमची जोडणी चुकून तोडली. वीज कार्यालयातून बोलावणं आलं. ते सकाळीच संतरामच्या दारात उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा.

"चल बाबा. तू साक्षीला पाहिजेस. चाळीस वर्षं मोटर चालली हे तुझ्याशिवाय कोण सांगंल? आन कागद वाचायला बी तूच पाहिजेस."

काही कारण सांगता आलं असतं. जीभ रेटली नाही. मोटरसायकलवर मागं बसलेल्या मोहियोद्दीनभाईंनी सबंध रस्ताभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, खड्ड्यांच्या भीतीनं.

साहेब सभ्य माणूस होता. त्यानं संगणकावर बघितलं, मग कागद मागवला. "अर्जदार हेच का? बरं झालं, दोघं आलात. चाचा, तुम्ही तर संमती दिलीय. ही सही तुमचीच ना?"

"माझीच. पंप बसवायला दिली, लाईट तोडायला न्हाई."

साहेबानं ओळीखाली बोट ठेवून वाचलं, "सदर विहिरीवर कोणतीही वीजजोडणी अस्तित्वात नाही व यापुढे त्याची मागणी करणार नाही, हे मला मान्य आहे."

मोहियोद्दीनभाई साहेबाकडे बघत राहिले. "हे व्हतं त्याच्यात?"

"हे काय, मधोमध आहे. आणि हा पाहणीचा फोटो. विहिरीवर मोटर नाही, वायर नाही. तुम्ही स्वतः उभे आहात." त्यानं पडदा वळवला. फोटोत दोन म्हातारे उन्हात डोळे बारीक करून हसत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर होता.

"मोटर त्या दिवशी वर काढलेली व्हती, साहेब. गाळ काढायचा म्हणून..." मोहियोद्दीनभाई बोलता बोलता थांबले. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. मग मान वळवून अगदी हळू विचारलं, "संतराम, गाळ काढला का रे आपण?"

संतरामची मान खाली गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. त्याला तसं नुसतं वाटलं नाही, त्यानं खरंच फरशीकडे बघितलं. साहेब म्हणाला, "काका, तुम्हाला काही सांगायचंय?" एक वाक्य पुरे होतं. ते निघालं नाही. समोरच्याला आपण काय केलं हे कळलेलं आहे आणि तरीही आपण बोलत नाही, ही लाज मूळ करणीपेक्षा मोठी असते हे त्याला त्या खुर्चीत बसून कळलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब," मोहियोद्दीनभाईच म्हणाले. "सही माझी आहे." परतताना ते मोटरसायकलवर बसले नाहीत. "मला जरा काम आहे," म्हणाले आणि बस स्टँडकडे चालू लागले.

पुढच्या आठवड्यात संतराम एकटाच कार्यालयात गेला. मोटर होती, मीच फसवून वर काढायला लावली, ओळ मीच वाचली नाही, असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. साहेबानं ते दोनदा वाचलं. "काका, याच्यानं तुमचा पंप जाऊ शकतो." संतराम म्हणाला, जाऊ द्या. कागद वर गेला, आणि वर गेलेले कागद जसे राहतात तसा वरच राहिला. ना पंप गेला, ना लाईट आली.

बाजाराच्या दिवशी तो टपरीवर चावी घेऊन बसला. मोहियोद्दीनभाई आले. त्यानं सगळं सांगितलं, कागद लिहून दिल्याचंही, आणि चावी पुढं सरकवली. "आता सगळ्या पाळ्या तुमच्या. हळद वाळून राहिली तुमची."

त्यांनी चहा घेतला. पैसे स्वतःचे स्वतः दिले. चावीला हात लावला नाही. "त्या पाण्यावर हळद आली तर घरात कुणाला तोंडात घालवणार न्हाई," एवढं म्हणाले आणि उठले. त्यांच्या हळदीला त्या साली बोटाएवढीसुद्धा कांडी धरली नाही. काढणीच्या वेळी फातिमाबी, त्यांची घरवाली, एकटीच ती वेचत होती. संतरामकडे तिनं पाहिलं नाही, पदर सारखा केला. त्याची स्वतःची हळद झकास निघाली. ती शिजवताना उठलेल्या वासात त्याला बसवेना. तो उठून गावात जाऊन बसला.

वैशाखात विहीर तळाला गेली. एका सकाळी संतराम घमेलं, फावडं, दोर घेऊन एकटाच उतरला. घमेलं भरायचं, दोराला बांधायचं, पायऱ्या चढून वर यायचं, ओढायचं, रिकामं करायचं, पुन्हा उतरायचं. अशानं विहीर कधी रिती होत नाही हे त्यालाही कळत होतं. शेजारच्या शेतातून मोहियोद्दीनभाई बघत होते. ते त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी तो तळाशी चिखलात उभा होता, घमेलं दोराला बांधून झालं होतं, आणि काठावर सावली पडली. वर मोहियोद्दीनभाई उभे होते. दोर त्यांच्या हातात होता.

"ओढतो मी," ते म्हणाले. "पर आधी वाच."

"काय वाचू?"

"त्या दिवशी सोडली ती."

कागद जवळ नव्हता. लागतही नव्हता, ती ओळ त्याला जानेवारीपासून पाठ होती. तो खालच्या मानेनं पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं. वाचतोस तसं वाच, मोठ्यानं."

संतरामनं वर पाहिलं. ऊन डोळ्यांत आलं, त्यांचं तोंड दिसेना. बांधापलीकडच्या शेतात माणसं काम करत होती, त्यांचे आवाज थांबले होते. त्यानं घसा खाकरला. "सदर विहिरीवर कोणतीही वीजजोडणी अस्तित्वात नाही," त्यानं म्हटलं, आणि विहिरीनं ते सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं परत म्हटलं. पुढचे शब्द त्याला रडत म्हणावे लागले, पण त्यानं शेवटपर्यंत म्हटले.

मग दोर ताणला गेला आणि घमेलं वर निघालं.