एका दाताचा हत्ती

माझ्या साडूंनी ज्याचं डोकं मोजलं नाही असा माणूस रोह्यात उरला असेल, तर तो एक तर पाळण्यात असेल, नाही तर त्यांना टाळून मागच्या गल्लीने जाणारा असेल. शिक्षक असताना त्यांनी बुद्धिमापनाचा कसलासा कोर्स केला आणि तेव्हापासून माझ्यामागे हा ताप लागला. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण चित्रांच्या कार्डांची पिशवी आणि सेकंद मोजायचं घड्याळ काही सुटलं नाही. पेणला आमच्याकडे आले की चहा ओतायच्या आत विचारणार, "बोला, हे सात आकडे उलटे." मी चुकलो की वहीत खूण. बायको चुकली की मात्र "दमलीय ती" म्हणून सूट. एकदा मी त्यांना केस कापायला घेऊन गेलो, तर यांनी सलूनवाल्यालाच ठोकळे जुळवायला बसवलं. यांचे अर्धे केस कापलेले, हातात घड्याळ, आणि खोळंबलेली गिऱ्हाइकं बघताहेत माझ्याकडे! "माणसामाणसांत फरक असतो, तो मोजता आला पायजे," हे त्यांचं लाडकं वाक्य. "मोजून करायचं काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हा प्रश्नच तुमचा आकडा सांगतो." आता या माणसाशी बोलायचं तरी काय?

हे सगळं मी गिळलं. पण गेल्या वर्षी त्यांनी थेट माझ्या मुलीच्या लग्नातच नाक खुपसलं. केतकीने हमरापूरचा मुलगा पसंत केला होता. घरचा गणपतींचा कारखाना, हा स्वतः मूर्तींचे डोळे आखणारा, पण शिक्षण दहावीपर्यंत. केतकी पदवीधर, त्यामुळे बायको आधीच का-कू करत होती. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली, पोहे झाले आणि साडूंनी पिशवी उघडली. मी खुणावलं, टेबलाखालून पाय दाबला. तो निघाला मुलाच्या वडिलांचा. तोवर कार्डं बाहेर आलीसुद्धा. चित्रात काय काढायचं राहिलंय, तेवढं ओळखायचं. मुलगा एकेक कार्ड इतकं निरखून बघे की वेळ संपून जाई. शेवटी हत्ती आला, एकच सुळा असलेला.

"काय राहिलंय?"

"काय नाय राहिलं, काका. बरोबर हाय."

"नीट बघा."

"बघितला ना. सोंडेची रेघ जरा जाड झालीय, बाकी एकदम बरोबर."

साडूंनी फुली मारली आणि मंडळी गेल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, माझ्या बायकोला आकडा सांगितला. बहात्तर. शंभराच्या आसपास साधारण माणूस असतो, हेही वर समजावून सांगितलं. बायकोने डोळ्यांना पदर लावला. "माझी पोर मी तिथं नाय द्यायची." केतकी म्हणाली, "मग मी कुठंच नाय जायची," आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दार उघडून केतकी एवढंच म्हणाली, "बाबा, तो लहानपणापासून गणपती रंगवतोय. त्याला दुसरा दात कसा आठवेल?"

मी तस्साच्या तस्सा फोन लावला आणि इतक्या वर्षांचं सगळं केतकीच्या त्या वाक्यासकट साडूंना ऐकवलं. आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हमरापूरला त्या कारखान्यात गेले. तिथल्या प्रत्येकाला हत्तीचं कार्ड दाखवलं. सगळ्यांचं उत्तर एकच, बरोबर हाय. मुलाची आजी तर हसली म्हणे, "मास्तर, दोन्ही दात अख्खे ठेवले तं गणपती नेल कोण?" मग साडू त्या मुलाला डोळे आखताना बघत बसले. एका दमात बुबुळाची रेघ, मूर्तीमागून मूर्ती, दोन्ही डोळे अगदी सारखे. घड्याळ हातात होतं, पण कळ दाबायचं त्यांना भान राहिलं नाही. तिथून ते थेट आमच्याकडे आले आणि बायकोला म्हणाले, "आकडा चुकला गो. पोराला नाव ठेवायला जागा नाय." त्याच संध्याकाळी आम्ही हमरापूरला होकार कळवला.

आता मी त्यांना चांगलं खिंडीत गाठणार होतो. पण ओट्यावर बसल्या बसल्या साडूच आपणहून बोलायला लागले. "आमची मोठी आठ वर्षांची असताना तिलाबी तपासली होती मी. चार पाव्हण्यांसमोर आकडा सांगितला. कमी आला होता." ही त्यांची मुलगी डोलवीत राहते, कंपनीच्या कँटीनमध्ये शिफ्टच्या शिफ्ट जेवू घालते. "एवढं सांभाळते, पण साधा फॉर्म भरायचा झाला तरी मला फोन. बाबा, मला नाय जमायचं, तुम्हीच बघा. मी समजायचो, तिची बुद्धीच तेवढी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला आता काय सांगू हो?"

इतकी वर्षं या माणसाला निरुत्तर करायला मी टपून बसलो होतो, पण त्या वेळी मला त्यांची फार दया आली, आणि त्या मुलीची त्याहून जास्त. "चला, आत्ताच जाऊ तिच्याकडे," म्हणून मी गाडी काढली. डोलवी येईपर्यंत "पोरी, मी चुकलो" एवढंच वाक्य ते वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघत होते, आणि एकदाही त्यांना ते नीट जमलं नाही.