परमुलखातला जोगवा

देवीवर माझा विश्वास आहे की नुसता आईवर, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन केमिस्ट्री शिकते, आणि अळणावरजवळच्या गावी गेले की देवीच्या परडीला हळदकुंकू वाहते. दोन्हींची सांगड घालायचा प्रयत्न मी कधी केला नव्हता. आई यल्लम्मा देवीची भक्त. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी जोगवा मागितल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. गावात त्याची अडचण नसते. तिचा आवाज आला की बायका सुपात पीठमीठ घेऊन दारात येतात.

माझा थोरला भाऊ, अण्णा, गोकुळ रोडवर गाड्यांचं काम शिकून ओमानला गॅरेजमध्ये लागला. यंदा त्यानं आई, अप्पा आणि मला बोलावून घेतलं. मंगळवारी त्याच्या बिल्डिंगमधल्या कन्नड-मराठी घरांत जोगवा झाला. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून मित्राची गाडी घेऊन आम्ही पहाटेच फिरायला निघालो. वाटेत गावं लागतीलच, असं आई धरून चालली होती. गावं लागली, पण घरांना उंच भिंती आणि बंद लोखंडी दारं. शिवाय अण्णानं बजावलं, "इथं असं मागितलं तर पोलीस नेतात, आई. माझी नोकरी जाईल." आई "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. समुद्राकाठचा रस्ता झाला, जमीन खचून तयार झालेलं हिरव्या पाण्याचं मोठं कुंड झालं. मी फोटो काढत होते. डब्यातल्या चपात्या आम्ही तिघांनी खाल्ल्या, तिनं हात लावला नाही.

"खा गं," अप्पा म्हणाले. "देवीला कुठला पासपोर्ट? ती काय बघायला येतीय इथं?"

"मग मी आलेय कुणाबरोबर?" आईनं विचारलं.

दुपारी आम्ही एका वादीत उतरलो. डोंगरातल्या ओढ्याला तिकडे वादी म्हणतात. दोन्ही बाजूंना उघडे कडे, मध्ये निळसर पाणी आणि खजुरीची झाडं. थोडं चालल्यावर आई दगडावर बसली. तिचा हात धरला तर तो गार, घामानं ओला आणि थरथरत होता. सकाळी मधुमेहाची गोळी मात्र तिनं नेमानं घेतली होती, हे तेव्हा कळलं. रक्तातली साखर उतरली की काय होतं, ते मला ठाऊक होतं. पिशवीतलं चॉकलेट तिच्या ओठांशी नेलं, तिनं तोंड मिटून मान वळवली. अण्णा गाडी आणायला धावला, पण दवाखाना डोंगरापलीकडे होता. मी पहिल्यांदाच देवीशी थेट बोलले, तेही रागानं. मनात म्हटलं, तुझा नेम, तूच बघ आता.

जवळच झाडाखाली चटई टाकून एक ओमानी कुटुंब बसलं होतं. त्यातली एक म्हातारी खजुरांची ताटली घेऊन उठून आली. "क्या हुआ अम्मा को?" तिनं मोडक्या हिंदीत विचारलं. नेम, जोगवा, पाच घरं, यातलं काही मला हिंदीत सांगता येईना. तिनंही उत्तराची वाट पाहिली नाही. एक खजूर फोडून बी काढली आणि आईच्या तोंडाशी धरला, आपल्या लेकीला भरवावा तसा. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर पसरला आणि तोंड उघडलं. म्हातारीनं आणखी भरवले, उरलेले पदरात ओतले. हळूहळू आईचा हात उबदार झाला.

अप्पांच्या जिवात जीव आला, तसे ते म्हणाले, "अजून चार घरं राहिली की गं."

"तिनं भरवलं, मी खाल्लं," आई म्हणाली. "राहिलेलं तिचं ती बघेल."

अण्णा म्हणतो, तिकडे पाहुण्यांना सगळेच खजूर देतात. ते खरं असेल, मी वाद घालत नाही. त्या म्हातारीचं नाव विचारायचंही राहून गेलं. आता आठवण आली की मनातल्या मनात नमस्कार करते. मला वाटायचं, आईची भक्ती म्हणजे तो नेम, तो हट्ट. नेम पाळायला तिला बळ लागत असेलच. पण अनोळखी हातासमोर तो सोडून देऊन तिनं तोंड उघडलं, तेव्हा ती देवीच्या जितकी जवळ दिसली, तितकी मला कधीच दिसली नव्हती.