काळजाची झडप

खळोबांचं खरं नाव विचाराल, तर त्यांना स्वतःलाच क्षणभर आठवावं लागेल. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवण्यात जन्म गेला माणसाचा. कुणीतरी एकदा गमतीने ‘खळोबा’ म्हटलं आणि ते चिकटलं. चिकटणारच की, खळ होती ती.

धंदा होता जुनी चित्रांची पुस्तकं दुरुस्त करण्याचा. खाली दोन टेबलं, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, खिडकीशी टांगलेले ब्रश, वर बिऱ्हाड. मधे अरुंद लाकडी जिना. फाटलेलं जोडायचं ते खळोबांनी, आणि नको तिथे चिकटलेलं सोडवायचं ते त्यांच्या बायकोने. तिला सगळे काकू म्हणत. आता तुम्ही म्हणाल, दोन्ही कामं सारखीच. छे हो! काकूंना विचारा. “चिकटवायला काय, गाढवही चिकटवेल,” त्या म्हणायच्या, “सोडवायला माणूस लागतं.” आणि वर नवऱ्याकडे बघून हसायच्या. ते बिचारे खाली मान घालून खळ ढवळायचे, पण त्यांनाही मनातून ते पटलेलं असायचं.

त्यांच्याकडे जास्त करून यायची ती झडपांची पुस्तकं. म्हणजे कसं, की चित्रात एक माणूस उभा. त्याच्या छातीवर कागदाची झडप. ती उचलली की खाली बरगड्या. बरगड्या उचलल्या की फुप्फुसं. अशी एकेक झडप उचलत माणसाच्या पोटात शिरायचं. पूर्वी वैद्य असंच शिकत. पण त्या माणसाच्या डोक्यावर ढग असायचा, ढगातून देवाचा हात आलेला असायचा, आणि पायाशी लिहिलेलं असायचं की बाबा रे, हे घडवणाऱ्याला विसरू नकोस. कारण सरळ होतं. शरीर कापायची माहिती शस्त्रवैद्याकडे, आणि कागद, रंग, चित्रकार हे सगळं मठात. एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं. त्यामुळे दोघे एकाच पानावर सुखाने नांदत.

पुढे त्यांचं बिनसलं, आणि त्याचे हाल पुस्तकांनी भोगले. कुठल्या तरी सोवळ्या माणसाने गर्भाशयावरची झडप लाजेखातर कायमची डकवून टाकलेली. कुठल्या तरी शहाण्याने ‘हे विज्ञानाचं पुस्तक आहे’ म्हणून देवाचा हात चाकूने खरवडून काढलेला. दोन्ही तऱ्हेची पुस्तकं शेवटी याच टेबलावर यायची. “एकाने डकवलं, एकाने खरवडलं, आणि आपण जेवलो,” असं काकू म्हणायच्या. दोघांपैकी कुणावरही त्यांचा राग नव्हता.

त्या वर्षी संग्रहालयाच्या बाई एक पुस्तक घेऊन आल्या. प्रदर्शनात मांडायचं होतं. न डकवलेलं, न खरवडलेलं, अगदी जसंच्या तसं. एवढंच, की सगळ्यात आतल्या झडपेची, म्हणजे काळजाच्या झडपेची, कड फाटून ती लोंबत होती. ती झडप अंगठ्याच्या पेराएवढी. खळोबांनी भिंग लावून खाली बघितलं, तर काळजाच्या आत एक दिवा रंगवलेला! तांबडी-पिवळी ज्योत, एवढीशी. आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी. पहिली वैद्याची: ‘हा दिवा मला कुठेही आढळला नाही. साधूंच्या आग्रहास्तव घातला आहे.’ आणि तिच्याखाली मठातल्या साधूची: ‘वैद्यांना कसा आढळणार? ते पोचेपर्यंत तो गेलेला असतो.’

खळोबांनी जिन्याखालून ओरडून ते वर वाचून दाखवलं. काकू इतक्या हसल्या, की त्यांना धाप लागली. आणि ती धाप काही लवकर थांबेना.

खरं तर धाप आधीपासून होती. जिन्यात मधेच थांबायचं, ‘पाय दुखतात’ म्हणायचं, असं चाललेलं. पण त्या दिवशी लेक घरी आली होती. तिने काही ऐकून घेतलं नाही, आईला उचलून दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण, पण बोलणं गोड.

“काकू, तुमच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाहीये,” ती म्हणाली.

“काय उघडत नाही?”

“झडप. रक्त बाहेर जायला दार असतं ना, ते. घट्ट होऊन बसलंय.”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. “ऐकलंत? जन्मभर लोकांच्या झडपा सोडवल्या, आणि माझीच चिकटली!” डॉक्टरीणही हसली. मग तिने पुढचं सांगितलं, आणि तिथे हसणं संपलं. झडप बदलायला हवी. छाती उघडायची. हृदय थोडा वेळ थांबवायचं, तेवढा वेळ त्याचं काम मशीन करणार. नवी झडप बसवायची आणि हृदय पुन्हा सुरू करायचं. नाही केलं तर? डॉक्टरीण खोटं बोलणारी नव्हती. “नाही केलं तर दम कमी कमी होत जाईल, काकू. फार दिवस निभणार नाही.”

घरी आल्यावर काकूंनी चपला काढल्या आणि जाहीर केलं, “मी नाही करणार.”

लेकीने समजावलं, रागावली, रडली. काकू ढिम्म. शेवटी लेक गेल्यावर त्या नवऱ्याशी बोलल्या. “काळीज थांबवणार म्हणतात. दिवा विझवायचा आणि परत लावायचा. अहो, तो साधू काय म्हणतो? माणसं पोचेपर्यंत तो गेलेला असतो. ही डॉक्टरीण पोचेल आणि माझा गेलेला असेल, तर?”

“अगं, ते चित्र आहे. गंमत केलीये त्याने.”

“मला कळतं चित्र आहे ते,” काकू फणकारल्या. “मी काय खुळी आहे? पण भीती वाटते, त्याला मी काय करू?”

खळोबा उठून खाली निघून गेले. कारण, खरं सांगायचं तर, त्यांनाही तीच भीती होती. लेकीपुढे ते ‘करायलाच हवं, करायलाच हवं’ म्हणत मान हलवायचे. पण एकटे असले की काळजाचं पाणी व्हायचं. काकू नसलेलं घर त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. खाली येऊन ते खळ शिजवायला घेत आणि ती हटकून करपवत. खळ करपवणारा खळोबा! शेजारच्या शिंप्याने वास येतो म्हणून दोनदा डोकावून विचारलं.

अशा मनःस्थितीत त्यांनी एके सकाळी ती काळजाची झडप जोडायला घेतली. खरं तर हे काम त्यांच्या डाव्या हातचा मळ. पातळ कागदाची चिंधी घ्यायची, तिला दोऱ्याएवढी खळ लावायची, झडपेची फक्त कड पानाला जोडायची. कड चिकटते, बाकी झडप मोकळी राहते. मग वर काचेचा तुकडा, त्यावर वजन. केलं, वजन ठेवलं, आणि ते चहा घेऊन वर गेले.

दुपारी वजन काढलं. झडपेखाली नख घातलं, तर नख जाईना. दुसऱ्या बाजूने घातलं. तिथेही जाईना. भिंग लावलं, तेव्हा कळलं. खळोबांनी झडपेच्या अख्ख्या पाठीला खळ लावली होती! लेबल डकवताना लावतात तशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काळीज बंद. दिवा आत. ज्या कामासाठी ते जन्मभर त्या सोवळ्या लोकांना नावं ठेवत आले, नेमकं तेच त्यांच्या हातून झालं होतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. हात का चुकला, हे त्यांना न सांगता कळलं होतं. ते काळीज कुणी उघडू नये, असं त्यांच्या हातालाच वाटत होतं.

सोडवायला तर हवंच होतं, आणि खळ पुरती वाळायच्या आत. ते काम करू शकणारं माणूस सबंध गावात एकच, आणि ते वर खिडकीशी उशीला टेकून बसलेलं. काकूंनी गेले कित्येक दिवस ब्रश हातात धरला नव्हता. खळोबांनी पुस्तक दोन्ही हातांवर आडवं घेतलं, आणि झोपलेलं मूल न्यावं तसं जिन्याने वर नेलं.

काकूंनी बघितलं, बोटाने चाचपलं. “काय हो, सोवळे झालात की काय?”

खळोबांना हसू यायला हवं होतं, पण आलं रडू. “चुकलं गं माझं. आतला दिवा पाण्यात कालवलेल्या रंगाने काढलाय. ओल लागली तर पसरेल. झडपेबरोबर उचलूनही येईल. बाईंना काय तोंड दाखवू?”

“आधी डोळे पुसा. पानावर पाणी पडलं तर खळ पातळ होईल,” काकू म्हणाल्या. “माझी हाडाची पट्टी आणा. आणि टिपकागद. आणि ते भिंग इकडे द्या, तुमच्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही.”

टेबल खिडकीशी ओढलं. काकूंनी टिपकागदाचा झडपेएवढाच तुकडा कातरला, पाण्याला नुसता टेकवला, दोन बोटांत दाबून कोरडा केला आणि झडपेवर ठेवला. वर काच. मग हात मांडीवर ठेवून बसल्या. खळीचं एक बरं असतं, ती पाण्याला ओळख देते. पण तिचा तिला वेळ द्यावा लागतो. खळोबा सारखे विचारत होते, “बघायचं का? बघायचं का आता?”

“गप्प बसा. घाई केलीत तर दिवा येईल हातात.”

मधे एकदा काकूंना धाप लागली. त्यांनी हात पानावरून मागे घेतला, श्वास जागेवर येऊ दिला आणि मगच पट्टी उचलली. पट्टीचं टोक झडपेच्या कोपऱ्याशी टेकवलं. ढकललं नाही, नुसतं टेकवून ठेवलं. कोपरा सैल झाला. पट्टी एक केस आत गेली. थांबल्या. पुन्हा एक केस. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, आणि हात असा स्थिर, की खळोबा पुस्तकाकडे बघायचं विसरून त्या हाताकडेच बघत राहिले. या बाईला दम लागतो हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

शेवटी झडप उठली. काकूंनी ती बाजूला हळूच उलटी ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. भिंग जवळ-लांब करत त्या बघत राहिल्या.

“काय झालं? गेला?” खळोबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“थोडा फिकट झालाय,” काकू म्हणाल्या. “पण आहे.”

त्यांनी भिंग नवऱ्याला दिलं. ज्योतीची तांबडी कड जराशी उतरली होती, तिचा पुसट डाग झडपेच्या आतल्या अंगाला लागला होता. पण दिवा जिथल्या तिथे होता. खालच्या दोन्ही ओळीही होत्या, वैद्याची आणि साधूची, एकीखाली एक. खळोबांचा जीव भांड्यात पडला.

काकू पट्टी पुसत होत्या. फडक्याने पुसली, उजेडात धरून बघितली, पुन्हा पुसली.

“त्या डॉक्टरणीचे हात तुम्ही नीट बघितले होते का हो?” त्यांनी विचारलं.

“हात? नाही बुवा.”

“मी बघितले होते. बोलताना टेबलावर ठेवले होते तिने. हलत नव्हते.” पट्टी त्यांनी डबीत ठेवली. “लेकीला फोन लावा. म्हणावं, तारीख घे.”

दुसऱ्या दिवशी खळोबांनी झडप पुन्हा जोडली. या वेळी दोऱ्याएवढीच खळ, आणि काकू शेजारी खुर्ची टाकून डोळ्यात तेल घालून बघत बसलेल्या. संग्रहालयाच्या बाई आल्या, तेव्हा खळोबांनी सगळं खरं सांगून टाकलं. बाईंनी काळीज उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, “इतक्या वर्षांत कुणीकुणी उघडलं असेल हे. आणखी एक हात लागला, एवढंच.” आणि पुस्तक घेऊन गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी बापलेक बाहेर बाकावर बसून होते. लेक मोबाइलवर काहीबाही बघत होती, बघत काहीच नव्हती. खळोबा गुडघ्यावर बोटाने खळ लावल्यासारखं करत होते, कडेकडेने, दोऱ्याएवढी. लेकीने एकदा त्यांचा हात धरून ठेवला. सोडला की पुन्हा सुरू.

डॉक्टरीण बाहेर आली, तोंडावरची पट्टी खाली ओढून हसली आणि म्हणाली, “झालं छान. सुरूही पटकन झालं.” लेक तिच्या गळ्यातच पडली. खळोबांचं बोट गुडघ्यावर थांबलं.

काकूंना बघायला आत सोडलं ते दुसऱ्या दिवशी. चेहरा कागदासारखा पांढरा, नाकात नळी, हाताला नळ्या. खळोबा खाटेशी वाकून उभे राहिले.  काकूंनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं, आणि ओठ हलवले. ऐकू यावं म्हणून त्यांनी कान अगदी जवळ नेला.

“थोडा फिकट झालाय,” काकू म्हणाल्या. “पण आहे.”

खळोबांच्या डोळ्यांतून जी धार लागली, ती सरळ काकूंच्या हातावर.

“अहो,” काकू कुजबुजल्या, “खळ पातळ होईल.”