धूळ बसेपर्यंत

हेमसिंग ड्रायव्हरबद्दल फूलचंदला तसं फार थोडं ठाऊक होतं. कामरगावच्या स्टँडवर फूलचंदचं किराणा दुकान आणि त्याच्या चुलत्याच्या मुलाची, नथमलची, जीप त्याच दुकानासमोर उभी राहायची. ती हेमसिंग चालवायचा. पाच वर्षं रोज समोरासमोर. पण त्याचा तांडा कुठला, घरी कोण आहे, हे फूलचंदनं कधी विचारलं नाही.

ठाऊक होती ती एकच गोष्ट. मानोऱ्याच्या पुढे तेव्हा रस्ता कच्चा होता. समोरून ट्रक गेला की मागे धुळीची भिंत उभी राहायची. बाकीचे ड्रायव्हर हॉर्न दाबून त्यात घुसायचे. हेमसिंग गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचा आणि धूळ बसेपर्यंत बसून राहायचा.

एकदा फूलचंद त्या जीपमध्ये होता. ट्रक गेला, हेमसिंग थांबला. मागून सोजरबाई ओरडली, “काहो हेमसिंगभाऊ, अठीच मुक्काम करता का? चूल मांडू?”

“मावशी, समोर दिसत नाई. धुळीत बंडी असते.”

“असन तं होईन बाजूले!”

“बैलाले तरी कुठं दिसते, मावशी?”

सगळी जीप हसली. फूलचंदही हसला. हेमसिंग मात्र काचेतून समोर बघत राहिला.

हळूहळू लोक दुसऱ्या जीपमध्ये बसू लागले. १९७४च्या चैत्रात, पोहरादेवीच्या जत्रेआधी आठ दिवस, नथमलनं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, “जत्रेत रोज दोन खेपा झाल्या पाह्यजेत. तुले धूळ पाहत बसाचं असन तं किल्ली ठेव अन् घरी जाऊन पाह्य.”

त्या संध्याकाळी हेमसिंग दुकानाच्या पायरीशी आला. “शेट, तुमचे भाऊ हायेत. येकडाव सांगून पाहा. मी दुसरं काई मांगत नाई. धूळ बसेपर्यंत थांबू द्या म्हना.”

“सांगतो,” फूलचंद म्हणाला.

नथमल वयानं मोठा. लहानपणापासून फूलचंद त्याच्यासमोर मान वर करून बोलला नव्हता. तरी एकदा गेला. लग्नाच्या गोष्टी झाल्या, पापड खाल्ले, आणि तो तसाच परत आला. दुसऱ्यांदा गेला नाही. हेमसिंगनंही आठवण करून दिली नाही. नुसता यायचा, बघायचा, जायचा.

रामनवमीच्या दुपारी दुसऱ्या खेपेला पुढे दोन जीपा धूळ उडवत चालल्या होत्या. हेमसिंग थांबला नाही. धुळीत बंडी होती, बंडीत बायका-पोरं. ती दिसली तेव्हा बैलांची शिंगं बोनेटाजवळ होती. त्यानं गाडी नाल्यात घातली. बंडीतल्या कुणाला ओरखडाही आला नाही. जीपमधल्या एकाचा हात मोडला. हेमसिंग स्टेअरिंगखाली अडकला. मानोऱ्याला नेईपर्यंत संपला होता.

महिन्याभरात जीप दुरुस्त झाली. नवा ड्रायव्हर आला. तो थांबत नाही म्हणून लोक खूश होते. सोजरबाईसुद्धा त्याच्याच जीपमध्ये बसायची. एक दिवस मोतीबाई नावाची बाई दोन मुली घेऊन आली आणि जीपच्या सीटखाली नवऱ्याचं घोंगडं राहिलंय का, असं विचारू लागली. हेमसिंगला मुली आहेत हे फूलचंदला तेव्हा कळलं. घोंगडं कुणी नेलं होतं देव जाणे.

फूलचंदनं नथमलला काही सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का? बहुतेक नाही. पण फूलचंदला या उत्तराचा काही उपयोग होत नाही.

रामनवमीच्या सकाळी हेमसिंग दुकानासमोर येऊन उभा राहिला होता. तो आता विचारेल, या धास्तीनं फूलचंदच आधी बोलला.

“चहा झाला का, हेमसिंग?”

“झाला, शेट.”

“ऊन लई हाय आज.”

“हो. पान्याची कळशी घेतली भरून.” तो थोडा वेळ उभा राहिला. “येतो मंग.”

“ये,” फूलचंद म्हणाला.