कोल्ड रूममधली ठेव

गोडाऊनमध्ये सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि मला कुठलंही नवं काम नको होतं. मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात डिस्पॅचला बावीस वर्षं काढली होती. कारखाना गुजरातला गेला, आम्ही अंबरनाथलाच राहिलो. घरी बसून कंटाळले होते, पण कामाचंही नाव नको वाटत होतं. अशातच उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांनी बोलावणं पाठवलं. त्यांचा माल अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासच्या गावांतल्या मेडिकल दुकानांना जायचा.

"मॅडम, माल बहुत आहे," शेठ म्हणाले. सिंधी माणूस, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारा. "पण कुठे आहे ते फक्त मामाला ठाऊक. कल को मामा आजारी पडला, तो मैं क्या शटर डाउन करूं?"

मामा म्हणजे गोडाऊनचे स्टोअरकीपर. पासष्टीला टेकलेले, अंगाने काटकुळे, कानावर कायम निळं पेन. त्यांनी औषधं लावली होती ती कंपनीप्रमाणे नाही की बाराखडीप्रमाणे नाही. दुकानदार फोनवर ज्या क्रमाने ऑर्डर सांगतात त्या क्रमाने. आधी तापाच्या गोळ्या, मग पित्ताच्या, मग बीपीच्या. फोन कानाला लावून ते रांगेतून चालत जायचे आणि रांग संपेपर्यंत ऑर्डर भरलेली असायची. बघायला छान वाटायचं. पण मामा जेवायला बसले की सगळं गोडाऊन जेवायला बसायचं.

खोटं कशाला बोलू, सॉफ्टवेअरने फायदा झाला. आधी एकच गोळी तीन-तीनदा मागवली जायची आणि बीपीची रोज लागणारी गोळी संपलेली असायची. एक्सपायरी झालेला माल खोक्यांनी परत जायचा. टेम्पो बदलापूरला जाऊन अंबरनाथला परत यायचा आणि पुन्हा बदलापूरला पळायचा, कारण ज्याचा फोन पहिला त्याचा माल पहिला. मी वार ठरवले, रस्ते ठरवले, कुठल्या गोळीचे किती नग उरले की नवी ऑर्डर टाकायची ते ठरवलं. प्रत्येक खोक्यावरचा बारकोड मशीनवर घेतला. त्या सहा महिन्यांत माझे गुडघे कामातून गेले. संध्याकाळी घरी पोचले की चहा करायचंही जिवावर यायचं आणि मी गॅसजवळ नुसती उभी राहायची. पण शेठ खूश होते, आणि मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटत होतं.

शेवटी राहिली कोल्ड रूम. इन्सुलिन, लशी, थंड ठेवायची इंजेक्शनं तिथे असायची. जाड दाराची छोटी खोली, बाहेर जनरेटर. आत मांडणीवर बरेचसे पुडके दोऱ्यांनी बांधलेले होते. लाल, पिवळे, हिरवे, स्वेटर विणून उरलेल्या लोकरीचे असावेत तसे दोरे. मी मामांना दोनदा विचारलं, "मामा, हे दोरे कसले?" पहिल्यांदा ते म्हणाले, "सांगतो नंतर." दुसऱ्यांदा म्हणाले, "ताई, ते असू द्या, ते माझं आहे." मला राग आला. सहा महिने प्रत्येक गोष्टीला हेच ऐकत होते. हे असू द्या, ते असू द्या. मग सॉफ्टवेअर कशाला आणलंय, पूजा करायला?

त्यानंतर मामा पुतणीच्या लग्नाला आठ दिवस महाडकडे गावी गेले. आणि मी कोल्ड रूमची मोजणी मुद्दाम त्याच आठवड्यात धरली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे. मला वाद नको होता. वाद घालायची ताकदच उरली नव्हती.

रविवारी गोडाऊन बंद ठेवून मोजायला बसले. अंगात दोन स्वेटर, हातात मशीन. पुडक्यांवरचे दोरे बारकोडच्या आड येत होते, म्हणून मी कात्री मागवली आणि सगळे कापून टाकले. दुपारपर्यंत केराच्या टोपलीत रंगीत दोऱ्यांचा ढीग झाला. संगणकावरचा आकडा आणि मांडणीवरचा माल जुळवून पाहिला, तर मांडणीवर एकशे बारा नग जास्त निघाले. कमी असते तर चोरी म्हटलं असतं. जास्त म्हणजे काय? मला वाटलं, मामा बाजूने स्वतःचा धंदा करतात. "ते माझं आहे," असं तर ते स्वतःच म्हणाले होते.

शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मामा तसा माणूस नाही. आने दो, पूछ लेंगे." मी म्हटलं, मशीनला जास्तीचा माल जास्तीचा म्हणूनच दाखवावा लागतो, नाहीतर पुढचे सगळे आकडे बिघडतात. शेठ म्हणाले, "ठीक है, तुम्ही शिकलेले." त्यातलं एका जातीचं इन्सुलिन बाजारात कुठेच मिळत नव्हतं, कंपनीकडूनच तुटवडा होता. ते आमच्याकडे शिल्लक दिसताच मंगळवारी कल्याणच्या एका हॉस्पिटलने सगळंच्या सगळं उचललं. शेठनी मला पेढा दिला.

गुरुवारी सकाळी डिलिव्हरीच्या खिडकीशी एक बाई आली. पन्नाशीची, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, हातात बर्फाचा थर्मास. सोनिवलीहून आली होती. शेतकरी घरातली. घरासमोरच्या शेतात आता टॉवर उभे राहिलेत असं नंतर तिच्याचकडून कळलं.

"मामा कुठं जेले?" तिने विचारलं.

"गावी गेलेत. तुमचं काय काम होतं?"

"आमचे सुनेचा इंसुलीन न्यायचाय. दोन बाटल्या द्या, बाय. घरान येकच राहिलीय, ती पण संपत आली."

मी तिला सांगितलं की आम्ही गिऱ्हाइकाला माल देत नाही, फक्त दुकानाला देतो. तिने कनवटीतून बदलापूरच्या एका मेडिकलवाल्याची चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: आमच्या ठेवीतून दोन द्यावे.

ठेव हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. त्या दुकानदाराला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे लाईट जाते, कधी कधी पाच-पाच तास. छोटा फ्रीज, तो काय टिकणार? म्हणून आम्ही थंड माल विकत घेतो आणि मामांकडेच ठेवतो. लागेल तसा मागवतो. बिल झालंय माझ्या नावावर, बघा तुम्ही."

मी बघितलं. महिन्यापूर्वीचं बिल होतं, वीस बाटल्या, त्याच तुटवड्याच्या इन्सुलिनच्या. बिल झालं म्हणून संगणकाने त्या आमच्या साठ्यातून वजा केल्या होत्या. संगणकाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. बाटल्या मात्र आमच्याच मांडणीवर होत्या, पिवळ्या नाहीतर हिरव्या दोऱ्यात बांधलेल्या, आणि प्रत्येक रंग एकेका दुकानाचा होता. मी दुसऱ्याच्या वस्तू कात्रीने मोकळ्या करून विकल्या होत्या.

सुनेला अकराव्या वर्षापासून हा आजार होता. दोन-तीन जातीची इन्सुलिनं देऊन झाली होती, साखर एकदम खाली जायची, बेशुद्ध पडायची. या एकावर ती गेली दोन वर्षं ठीक होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की होता होईल तो हे बदलू नका. म्हणून मामांनी माल आला त्या दिवशीच वीस बाटल्या त्या दुकानाच्या नावाने बाजूला काढल्या होत्या. हे सगळं सासू मला खिडकीतून सांगत होती आणि मी ऐकत होते.

हॉस्पिटलला फोन केला, दोन तरी परत द्या म्हणून विनवलं. तिथल्या माणसाने विचारलं, "मॅडम, थंड माल एकदा बाहेर गेला की परत घेत नाही, असा तुमचाच नियम आहे ना? बिलावर छापलाय." छापला होता. मीच छापून घेतला होता, आणि नियम बरोबरच होता. शिवाय निम्म्याहून जास्त बाटल्या त्यांच्या वॉर्डात वापरून झाल्या होत्या. मग ठाणे, भिवंडी, पनवेल, जिथे जिथे ओळख होती तिथे फोन लावले. सगळीकडे एकच उत्तर, माल नाही. ती बाई थर्मास तसाच घेऊन परत गेली.

शेवटी मामांना फोन केला. मागे हळदीचा गोंगाट, वाजंत्री. मी सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पुडक्यांवरचे दोरे ठेवलेत का?" मी म्हटलं, नाही, केरात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गोडाऊनमध्ये हजर. लग्न अर्धवट टाकून आलेले, कपाळावर अक्षतेचा एक दाणा तसाच चिकटलेला. ते कोल्ड रूममध्ये गेले आणि दोरे नसलेल्या मांडणीसमोर उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"ताई, विचारायचं होतं," ते म्हणाले.

"दोनदा विचारलं होतं, मामा."

"मग तिसऱ्यांदा विचारायचं." मांडणीवर हात ठेवून म्हणाले, "मी चोर वाटलो होय तुम्हाला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी मान हलवली आणि फोन काढला. त्यांचे फोन माझ्यासारखे नव्हते. ते माल आहे का असं विचारत नव्हते. अमक्या दुकानात तमकी म्हातारी हेच इन्सुलिन घ्यायची, ती मुलाकडे पुण्याला गेली, तिच्या बाटल्या उरल्या असतील, असं त्यांच्या डोक्यात होतं. संध्याकाळपर्यंत अंबरनाथच्या दोन दुकानांच्या फ्रीजमधून चार बाटल्या निघाल्या.

पण तोवर उशीर झाला होता. गुरुवारी रात्रीच घरातली बाटली संपली होती, बदलापूरच्या डॉक्टरांनी नाइलाजाने दुसरं इन्सुलिन दिलं होतं आणि शुक्रवारी सकाळी सून स्वयंपाकघरातच कोसळली. तीन दिवस हॉस्पिटलात होती. मी एकदा भेटायला गेले. हाताला सलाईन, केस विस्कटलेले, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिला मी कोण ते कोणी सांगितलं नसावं, कारण ती माझ्याकडे बघून हसली. मी आणलेली शहाळी स्टुलावर ठेवून दोन मिनिटांत बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

ती वाचली. घरी गेली, पुन्हा तिच्या जुन्या इन्सुलिनवर आली. पुढे कंपनीचा माल सुरू झाला आणि त्या दुकानाची ठेव पुन्हा भरली.

मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागून एक नवा रकाना करून घेतला. नाव दिलं ठेव. कुठल्या दुकानाचा कुठला माल, किती नग, कधी ठेवला, सगळं त्यात दिसतं. मामांनीही शेजारी बसून एकेका दुकानाची माहिती दिली. दोरे त्यांनी परत बांधायला घेतले आणि या वेळी मी त्यांच्या आड आले नाही. कामाच्या दृष्टीने बघाल तर हे सहा महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं, दोन दिवसांचं काम होतं. पण तोवर गोष्ट सगळीकडे गेली होती. आठ-दहा दिवसांत निम्म्या दुकानदारांनी आपापली ठेव उचलून नेली. लाईट जाते हे त्यांना माहीत होतं. फ्रीज लहान आहेत हेही माहीत होतं. एकाने जाताना हात जोडून म्हटलं, "राग मानू नका मॅडम, जवळ असलेलं बरं." मी काय राग मानणार?

सोनिवलीच्या बाईने मात्र दुकानदाराला ठेव हलवू दिली नाही. तिच्याकडे दुसरा उपायच नव्हता. घरी ती बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवते, तिथे फार तर दोन-तीन राहतात. पूर्वी घाई असली तरच ती स्वतः यायची, एरवी टेम्पोने दुकानात माल जायचा; आता ती टेम्पोवर भरवसा ठेवत नाही. दर महिन्याला दुकानाची चिठ्ठी आणि थर्मास घेऊन स्वतः येते.

पहिल्या वेळी मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. म्हटलं, "हे बघा मावशी, तुमच्या दुकानाच्या नावावर चौदा आहेत. आता कोणी हात लावू शकत नाही."

तिने पडद्याकडे पाहिलंही नाही. आवाज चढवला नाही, मला बोल लावला नाही. "त्यान काय लिवलंय ते राहू दे," ती म्हणाली. "दार उघड. मना दाखव, किती हान ती."

बाहेरच्या माणसाला कोल्ड रूममध्ये नेत नाहीत. हा नियमही माझाच. मी दार उघडलं. तिने पदर कानांवरून ओढून घेतला, आत गेली, पिवळ्या दोऱ्याच्या पुडक्याजवळ वाकली आणि एकेका बाटलीवर बोट ठेवत मोजू लागली. चौदा झाल्यावर त्यातल्या दोन बाटल्या थर्मासात घातल्या, उरलेल्या पुन्हा मोजल्या आणि मगच बाहेर आली.

तेव्हापासून दर महिन्याला हेच चालतं. मामा हल्ली आठवड्यातून तीनच दिवस येतात, ते नसले तर दार मला उघडावं लागतं. मागच्या महिन्यात ती मोजत असताना टेम्पोवाल्याने बाहेरून हाक मारली आणि तिचा आकडा चुकला. तिने माझ्याकडे पाहिलं. किती आहेत ते मला पाठ होतं, पण मी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिने पहिल्या बाटलीवर बोट ठेवलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी थंडीत दार धरून उभी राहिले.