वहिनीचं चिकटकाम

माझ्या वहिनीला तिच्याच कामाची शिसारी येते. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, रोज तोंडावर बोलते, आणि ती रोज मान डोलावून ‘येतेच’ म्हणते. आमचं दुकान छोटं आहे. दादा जुनी यंत्रं दुरुस्त करतो, मी पुढे बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते आणि मागच्या खोलीत वहिनी चिकटा काढते.

चिकटा म्हणजे काय, हे ज्याच्या हाताला तो लागलाय त्याला सांगायला नको. ज्याच्या नसेल लागला त्याने कपाटाच्या तळाशी पडलेला एखादा जुना टॉर्च, कॅमेरा किंवा रिमोट काढून बघावा. नवा असताना त्याच्यावर काळ्या मऊ रबराचा पातळ थर असतो. हातात धरला की बरं वाटावं म्हणून तो लावलेला. काही वर्षं गेली की हा थर आपला आपणच विरघळायला लागतो. वस्तू आतून ठणठणीत, आणि बाहेरून अर्धी चोखून टाकलेल्या गोळीसारखी. मग जे समोर येईल ते ती अंगाला लावून घेते. केस, धूळ, बिस्किटाचा चुरा, खिशातले दोरे, मुंग्यांचे पाय. एका रिमोटवर मी माणसाचं कापलेलं नख चिकटलेलं पाहिलंय. चांगलं अख्खं, अंगठ्याचं. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी नेला.

वहिनी मुळातच सोसण्यातली नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा दिलेला पाण्याचा पेला आधी विसळून मग प्यायची. आमच्या आईने तेव्हाच कपाळाला हात लावला होता, ‘ही पोरगी आपल्याकडे टिकायची नाही.’ ती टिकली, आमचे पेले मात्र घासून घासून पातळ झाले. बसमध्ये ती दांडा धरत नाही, रुमाल धरते आणि रुमाल दांड्याला धरायला लावते. दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर बसताना आधी खुर्चीकडे असं बघते की यजमानाला घाम फुटावा.

अशी बाई या धंद्यात पडली ती रागाच्या भरात. दादा वस्तू दुरुस्त करायचा, पण बाहेरचा चिकटा तसाच ठेवून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. लोक ती वर्तमानपत्रात गुंडाळून दोन बोटांत धरून न्यायचे. एकदा वहिनी दुपारी डबा घेऊन आली, तिने टेबलावरच्या रेडिओला चुकून हात लावला आणि ‘शी!’ म्हणून इतक्या जोरात ओरडली की शेजारचा चष्मेवाला धावत आला. मग तिने डबा बाजूला ठेवला, दादाची जुनी बनियन फाडली, स्पिरिटची बाटली ओढली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा रेडिओ लखलखत होता आणि तिचा चेहरा आंबट झाला होता. बाकीच्यांना किळस आली की ते वस्तू टाकून देतात. हिला किळस आली की ही त्या वस्तूच्या मागेच लागते.

तेव्हापासून हे चाललंय. हातात एकावर एक दोन हातमोजे, नाकावर फडकं. आधी स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी वस्तूवर ठेवायची, थर फुगू द्यायचा, मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडायचा. त्याच्या काळ्या अळ्या वळतात. त्या अळ्या पडत असताना वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो. ‘मेल्यांनो, हात धुता की नाही कधी? जेवता जेवता बटणं दाबायची काय गरज?’ कोपऱ्यांसाठी दात घासायचा जुना ब्रश, फटींसाठी टोक काढलेली काडी. थराबरोबर वर छापलेली पांढरी अक्षरंही जातात, म्हणून मी पुढे बसून प्रत्येकाला आधीच विचारून घेते, ‘अक्षरं जातील, चालेल?’ सगळे म्हणतात चालेल. चिकट्याला कंटाळलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

एकदा एका घरची सूनबाई आली, ती मात्र माझं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हणाली. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला खिशाएवढा रेडिओ तिने काउंटरवर ठेवला आणि हात साडीला पुसले. मग साडीकडे बघून तोंड वाकडं केलं.

‘सासऱ्यांचा आहे,’ ती म्हणाली. ‘दिवसभर हातातून सोडत नाहीत. ऐकत नाहीत हो, नुसता धरून बसतात. मग तोच हात उशीला, भिंतीला, पाण्याच्या भांड्याला. घरात कुठे टेकायची सोय नाही राहिली. मला तर आता त्यांच्या खोलीत पाऊल टाकायचंसुद्धा नको वाटतं.’

मला बाई आवडली. आडपडदा नव्हता. वहिनीला तर ती इतकी आवडली की तिने हातातलं काम ठेवून आधी तो रेडिओ घेतला. मागच्या खोलीतून त्या दिवशी ज्या ज्या शिव्या ऐकू आल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. संध्याकाळी रेडिओ बाहेर आला तो काळाभोर, कोरडा, गुळगुळीत. सूनबाईने तो चक्क गालाला लावून बघितला. ‘सुटले बाई,’ म्हणाली आणि पिशव्या आमच्याच केराच्या डब्यात टाकून गेली.

आठवड्याभराने ती परत आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. पण ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा जेवत नाहीत.’

वहिनी मागून बाहेर आली, हातमोज्यांसकट.

‘रेडिओ घरी नेला त्या दिवसापासून. ताट ठेवलं की बघतात आणि तोंड फिरवतात. फार तर दोन घास. डॉक्टर येऊन गेले. पोटात काही नाही, छातीत काही नाही. म्हणाले, असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. या वयात तिथे गेले तर परत येतात का हो?’

‘रेडिओ घेतात हातात?’ वहिनीने विचारलं.

‘घेतात, इकडून तिकडे फिरवतात, ठेवून देतात. मग हात पांघरुणावर उताणे टाकून पडून राहतात. बोलणं तर केव्हाच कमी झालंय.’

ती गेल्यावर वहिनी कामाला बसली नाही. अपराधी माणसं कशी उगाच झाडू मारतात, तसा तिने झाडू मारला. शेवटी म्हणाली, ‘त्यांना तो चिकटच हवा होता. बोटांना त्याची ओळख होती. ती मी पुसून टाकली.’

‘म्हाताऱ्याला चिकटा हवा?’ मी म्हटलं. ‘वहिनी, तुला उन्हाचा त्रास होतोय.’

पण तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. दादाकडे तसल्याच जातीचा एक बंद पडलेला रेडिओ सुट्या भागांसाठी पडून होता. वहिनीच्या नजरेला पडला तर ती तो साफ करत बसेल, म्हणून दादाने तो वरच्या फळीवर वायरींच्या मागे लपवला होता. तिने तो शोधून काढला. कोणा परक्याचा चिकटा, त्यात कोणा परक्याची धूळ, आणि एका कडेला कसला तरी पिवळट डाग, जो कसला हे विचारायची माझी छाती झाली नाही. दादाने त्यात दोन-तीन भाग घालून तो चालू करून दिला. वहिनीने तो मेणकागदात गुंडाळला. चिकट वस्तू चिकट राहावी म्हणून वहिनीने जपून नेण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिचा चेहरा मेलेला उंदीर न्यावा तसा झाला होता. मी सोबत गेले, कारण हा तमाशा मला चुकवायचा नव्हता.

सूनबाईचं घर नीटनेटकं होतं. म्हाताऱ्याच्या खोलीत मात्र कोंदट वास होता, औषधाचा, तेलाचा आणि न उघडलेल्या खिडकीचा. पलंगाजवळच्या भिंतीवर हाताच्या उंचीला काळे डाग होते, पुसून पुसून राखाडी झालेले. बाबा आयुष्यभर बस चालवत होते म्हणे. बाकी सगळा माणूस सुकला होता, पंजे तेवढे मोठे राहिले होते. ते पांघरुणावर उताणे पडले होते, आणि त्यांची नखं बघून मी नजर फिरवली.

वहिनीने कागद सोडून रेडिओ त्यांच्या हातात दिला. बोटं मिटली, उघडली, चप्प असा आवाज झाला. बाबांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. त्यांनी थोडा वेळ तो धरला आणि खाली ठेवला. वहिनीचं तोंड उतरलं.

सूनबाईला मात्र त्यांची काळी झालेली बोटं दिसली. ‘आलं कर्म परत!’ ती म्हणाली आणि आत जाऊन कोमट पाणी, तेलाची वाटी आणि फडकं घेऊन आली. ‘हे असलं लागलं की प्रत्येक जेवणाआधी हा कार्यक्रम. नुसत्या पाण्याने निघत नाही. असे हात ताटाला कसे लावू देऊ?’

ती पलंगाच्या कडेला बसली. सासऱ्यांचा हात मांडीवर घेतला, मान दुसरीकडे वळवली आणि नाक मुरडून एकेक बोट तेलाने चोळायला लागली. बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या कडांनी, तळहाताच्या रेषांवरून. तोंडाने पुटपुटणं चालूच होतं. बाबांनी डोळे मिटले. एक हात झाल्यावर त्यांनी दुसरा आपणहून पुढे केला. तोही झाला, फडक्याने पुसला, आणि सूनबाई उठणार तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘आज काय केलंयस जेवायला?’

तिच्या हातातली वाटी कलंडली. आम्ही निघालो तेव्हा आतून ताट वाढल्याचा आवाज येत होता. रस्त्याने वहिनी नुसती फुगली होती. ‘बघितलंस? बोटांना ओळख पटली की नाही?’ मला पटलं. त्या वेळी दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात सूनबाई तो चिकट रेडिओ घेऊन दुकानात हजर. या वेळी तीन पिशव्या.

‘हा परत घ्या.’

‘का? जेवत नाहीत?’ वहिनीचा जीव खालीवर झाला.

‘दोन्ही वेळा जेवतात. मागून घेतात.’ ती स्टुलावर बसली. ‘काल हा पलंगाखाली पडला होता. सकाळपासून त्यांनी हातात घेतलाच नव्हता. हात कोरडे, स्वच्छ. आणि मी ताट घेऊन गेले तर दोन्ही हात पुढे करून बसलेले. ताटाकडे बघेनात. माझ्या हातात तेलाची वाटी आहे का, ते बघत होते.’

वहिनी काउंटरपाशी आली.

‘तुम्ही रेडिओ साफ करून दिलात ना, तेव्हापासून मी त्यांच्या हाताला हात लावला नव्हता हो. कशाला लावायचा? कामच उरलं नव्हतं. ताट ठेवायचं, निघायचं. त्यांचा मुलगा आहे, तो दारातूनच विचारतो, बाबा, बरं आहे ना.’ तिने पिशव्या आमच्याकडे सरकवल्या. ‘मला ही घाण घरात नको. त्यांचा तो स्वच्छ रेडिओच बरा.’

‘आणि हात?’ वहिनीने विचारलं.

‘पुसते की. जेवणाआधी.’

‘स्वच्छ असले तरी?’

‘स्वच्छ असले तरी.’

वहिनीने हातमोजे काढले. मग, तिला जे खरंच जाणून घ्यायचं होतं ते तिने विचारलं, ‘किळस नाही येत?’

‘येते ना,’ सूनबाई म्हणाली. ‘ती सैल कातडी, तो थंडपणा. तोंड वेडंवाकडं होतं माझं.’ ती उठली, पर्स खांद्याला लावली. ‘पण त्यांना कुठे दिसतंय? त्यांचे डोळे मिटलेले असतात.’