आयुधपूजेच्या दिवशीचं बिल्ड

शिंप्याच्या पोरीला घाई शिकवावी लागत नाही, पण वर्षिणीबाईंची त्या दुपारची घाई बघण्यासारखी होती!

देवराज मोहल्ल्यात खाली वडिलांचं टेलरिंगचं दुकान आणि वर माडीवर हिचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, तर एक टेबल आणि टेबलाखाली कम्प्युटरचा डबा. कंपनी बेंगळुरूची. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, म्हणून सगळं म्हैसूर सुट्टीवर, पण हिचं गिऱ्हाईक परदेशातलं. त्याला कुठली आलीय नवमी? चार वाजता त्याला प्रोग्राम दाखवायचा, आणि ऐन दुपारी त्यात चूक निघाली.

चूक तिने चुटकीसरशी काढली हो. पण मग बिल्ड करायचं, म्हणजे लिहिलेल्या ढीगभर फायली कम्प्युटरकडून तयार करून घ्यायच्या आणि जोडायच्या. तेच रडतखडत चाललेलं.

त्यात विक्रांतचा फोन. हा तिचा साहेब, मूळ पुण्याचा.

"वर्षिणी, आज पुन्हा उशीर झाला तर माझा नाइलाज आहे. पुढच्या महिन्यापासून तुला बेंगळुरूलाच यावं लागेल. इथल्या मशीनवर हे पटकन होतं."

"होतंय सर, होतंय."

होतंय कसलं! परक्या गावात एकटीने खोली करून राहायचं तिच्या अगदी जिवावर आलेलं. आईला तर यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

बाई लागल्या कामाला. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल उघडून हुंगत बसत होता. त्याला सांगितलं, बाबा, या फोल्डरकडे बघू नकोस. जरा वेग आला. मग एका वेळी मोजक्याच फायली होत होत्या, त्या झेपतील तेवढ्या लावल्या. झालेल्या फायलींचे आकडे भराभर धावले, स्वारी खूश! आणि बघता बघता पहिल्यापेक्षाही हळू. डब्यातला पंखा नुसता घरघरतोय.

तिची आई जानकी पुरणपोळीचं ताट घेऊन वर आली. "ओबट्टू गार होतोय गं."

"नको मला."

"एनु, काय नको? सणाचं ताट आहे!"

वर्षिणीने वाकून डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापलेला तवा! सकाळी आईने त्याची पूजा करून नवं रेशमी कापड गुंडाळलं होतं, वर शेवंतीचा जाडजूड हार. "चालव हवं तर, पण उद्यापर्यंत हे काढायचं नाही," अशी अट, आणि ही दीडशहाणी हसत हो म्हणालेली. हवा जायच्या जाळ्या बंद. तापलं की मशीन जीव वाचवायला आपणहून मंदावतं, हे काय हिला ठाऊक नव्हतं?

तिने कापडाला हात घातला.

"बेड, नको! पूजेतलं आहे ते. आज आम्ही सुईसुद्धा उचलत नाही."

"अम्मा, चारच्या आत हे झालं नाही तर मला बेंगळुरूला जावं लागेल. कायमचं."

आईने ताट खाली ठेवलं, गुडघ्यांवर बसली आणि हार स्वतःच्या हाताने उतरवला. "चामुंडी, आधी पोर घरात राहू दे, मग काय रागवायचं ते माझ्यावर रागव." कापडही ओढलं. "पुढे काय?"

"टेबलफॅन आण!"

डब्याची बाजू उघडून पंखा समोर लावला. दोघी श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिल्या. आकडे हलले, मग पळाले. चाराला अगदी थोडं कमी असताना बिल्ड संपलं. वर्षिणीने ते पाठवलं आणि नखं खात बसली.

कितीतरी वेळाने विक्रांतचा मेसेज आला: छान झालं. राहा तिथेच.

तिला रडूच फुटलं. आईला वाटलं, पोर चालली बेंगळुरूला. ती उठली, स्वतःचे डोळे पुसत म्हणाली, "असू दे गं. चटणीपूड किती बांधू?"

"काही बांधू नकोस," वर्षिणी हुंदक्यातच हसली. "वाढ."